चिमूटभर कर्ब आणि पोलादाची कहाणी

स्वयंपाकघरातले 'स्टील' आणि कारखान्यातले 'पोलाद' ही दोन नावे एकाच वस्तूची. या वस्तूने जगाच्या पाठीवर किती भाषा पाहिल्या, आपल्याच मातीतले तिचे ज्ञान कसे विसरले गेले आणि आज ती विकत घेताना काय पाहावे?

लग्नसराईच्या दिवसांत भांड्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. आई, मावशी आणि नवरी मुलगी अशा तिघीजणी डब्यांचे संच पाहत असतात. कोणी परातीवर टिचकी मारून आवाज ऐकते, कोणी पातेले हातावर तोलून पाहते. "ताई, एक नंबर स्टील आहे. पंचवीस वर्षे बघायला नको," दुकानदार ठामपणे सांगतो आणि खात्रीसाठी गल्ल्यातले चुंबक पुढे करतो. चुंबक चिकटत नाही. सौदा पक्का होतो. मग कोपऱ्यात बसलेला पोरगा हातातले यंत्र कर्रकर्र फिरवत प्रत्येक भांड्यावर नाव आणि तारीख घालून देतो.

आता याच मावशींना कोणी विचारले, "स्टील म्हणजे नेमके काय हो?" तर त्या हसून म्हणतील, "स्टील म्हणजे स्टील!" आणि 'पोलाद' हा शब्द ऐकला तर त्यांच्या डोळ्यांसमोर धूर ओकणारे कारखाने, पूल आणि रणगाडे येतील. वास्तविक दोन्ही एकच. घरातल्या पोलादाला आपण इंग्रजी नाव दिले आणि घराबाहेरच्या पोलादाला फारसी, एवढेच.

फरक चिमटीएवढा

शुद्ध लोखंड हा तसा मऊ धातू. त्याची धार टिकत नाही आणि भार पडला की ते वाकते. पण त्यात थोडासा कर्ब, म्हणजे कोळशात असतो तोच कार्बन, मिसळला की त्याचा स्वभाव बदलतो. लोखंडाचे अणू एकमेकांवरून सहज घसरत असतात. कर्बाचे लहान अणू त्यांच्या मधल्या फटीत जाऊन बसतात आणि ही घसरण रोखतात. धातू कणखर होतो. हेच पोलाद.

किती कर्ब हवा? आमटीत मीठ किती, असेच हे विचारणे आहे. शंभर किलो लोखंडात साधारण दोन-अडीचशे ग्रॅम कर्ब असेल तर घराच्या स्लॅबमधली सळई होते. सातशे ग्रॅमच्या आसपास असेल तर रेल्वेचे रूळ होतात. एक किलो असेल तर वस्तरा किंवा कानस. पण प्रमाण दोन किलोंच्या पुढे गेले की जे मिळते ते पोलाद नव्हे, बीड. बिडाचा तवा भाकरीला उत्तम, पण ओट्यावरून खाली पडला तर त्याचे दोन तुकडे होतात, हे पुष्कळ गृहिणींनी अनुभवले असेल. चिमूट कमी पडली तर मऊपणा, जास्त झाली तर ठिसूळपणा.

एवढ्यावरही काम संपत नाही. लालबुंद तापलेले पाते लोहार पाण्यात बुडवतो तेव्हा ते एकदम कठीण होते, पण काचेसारखे तडकण्याची भीती असते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवतात. तापत जाताना पात्यावर आधी गवती पिवळा, मग तांबूस आणि शेवटी निळा रंग चढतो. कोणत्या रंगाला थांबायचे हे लोहाराची नजर ठरवते. हातोडीला, छिन्नीला, विळ्याला प्रत्येकाला वेगळा रंग. या क्रियेला 'पाणी देणे' म्हणतात आणि शस्त्राच्या कसालाही मराठीत 'पाणी' असाच शब्द आहे. तलवार पाणीदार असते, आणि माणसाचेही पाणी जोखले जाते.

तिखे, पोलाद, इस्पात

'लोखंड' हा शब्द 'लोह' आणि 'खंड' यांच्या जोडीतून आला. पोलादाची कहाणी मात्र अधिक लांबची आहे.

जुन्या मराठीत पोलादाला अगदी घरचा शब्द होता, 'तिखे'. १८३१ साली पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशात तो सापडतो. संस्कृत रसशास्त्राच्या ग्रंथांत लोहाचे मुण्ड, तीक्ष्ण आणि कान्त असे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यातला तीक्ष्ण म्हणजे धार धरणारा, आणि त्यापासून 'तिखे' आले. आपल्या मिसळणाच्या डब्यातले 'तिखट'ही याच 'तीक्ष्ण'च्या घराण्यातले. म्हणजे मिरचीची पूड आणि ती ज्या डब्यात ठेवतो तो डबा, दोघांचे नाव एके काळी एकाच मुळातून निघत होते!

'पोलाद' हा शब्द फारसीतला 'पूलाद'. तो अरबीत 'फूलाध' झाला, हिंदीत 'फौलाद' झाला, आणि उत्तरेकडे जाऊन रशियनमध्ये 'बुलात', तर मंगोल भाषेत 'बोल्द' झाला. जिथे जिथे चांगल्या तलवारी पोहोचल्या तिथे तिथे हा शब्द पोहोचला.

हिंदीतला 'इस्पात' ऐकायला संस्कृत वाटतो. पण अनेक कोशकार त्याचे मूळ पोर्तुगीज 'एस्पादा' या शब्दात पाहतात. एस्पादा म्हणजे तलवार. पोर्तुगीजांनी आपल्याला बालदी दिली, घमेले दिले, पिंप दिले. तलवारीच्या नावावरून धातूचे नाव पडले असेल तर त्यात नवल नाही.

आणि इंग्रजी 'स्टील'? ते जुन्या जर्मानिक भाषांतून आले. त्याच्या मुळाशी घट्ट, ठाम उभे राहण्याचा अर्थ आहे. म्हणूनच हा शब्द माणसांनाही चिकटला. इंग्लंडचे पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी १९२२ साली हिंदुस्थानच्या सनदी नोकरशाहीला 'पोलादी चौकट' म्हटले आणि तो शब्दप्रयोग आजही वर्तमानपत्रांत रोज दिसतो. रशियाच्या स्टॅलिनचे मूळ आडनाव वेगळेच होते. 'स्ताल' म्हणजे पोलाद, त्यावरून त्याने हे नाव घेतले. सरदार पटेलांना हिंदीने 'लौहपुरुष' म्हटले, मराठीने त्यांना 'पोलादी पुरुष' केले. मराठीने चिमूटभर कर्ब जास्त घातला, असे गमतीने म्हणता येईल.

मुंबईहून गेलेले पार्सल

या सगळ्या शब्दांत एक शब्द असा आहे की त्याच्या मागे एक हरवलेली विद्या आहे. तो शब्द म्हणजे 'वूट्झ'.

१७९४ साली मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पोलादाचे नमुने पाठवले. इथले लोक या पोलादाला फार मान देतात, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर प्रयोग करून निबंध वाचला. निबंधाच्या नावातच 'मुंबईत तयार होणारे आणि तिथे वूट्झ म्हटले जाणारे पोलाद' असा उल्लेख होता. इंग्रजी छापील मजकुरात हा शब्द आला तो तेव्हा.

खरे तर हे पोलाद मुंबईचे नव्हते. ते दख्खनच्या पठारावरून आणि दक्षिणेकडून येत होते. कन्नड आणि तेलुगूत पोलादाला 'उक्कु' म्हणतात. या 'उक्कु'चे ऐकण्यात किंवा लिहिण्यात 'वूट्झ' झाले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

उक्कु तयार करण्याची रीत पाहिली तर थक्क व्हायला होते. मुठीएवढ्या मातीच्या मुशीत लोखंडाचे तुकडे घालायचे. त्यावर तरवडाच्या लाकडाचे तुकडे आणि रुईची पाने ठेवायची. मुशीचे तोंड मातीने घट्ट लिंपायचे. अशा वीसबावीस मुशी एका भट्टीत रचायच्या आणि तासन् तास भाता मारायचा. आत लाकूड-पाला जळून त्याचा कर्ब लोखंडात मुरतो. कर्ब मुरला की लोखंड नेहमीपेक्षा कमी उष्णतेवर वितळते. मग भट्टी हळूहळू निवू द्यायची आणि मूस फोडून आतला पोलादाचा गोळा काढायचा.

तमिळनाडूतील कोडुमणल येथील उत्खननात अशा मुशींचे अवशेष सापडले आहेत. आजच्या तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यातले कोनासमुद्रम हे गाव या पोलादासाठी इतके नावाजलेले होते की इराणचे व्यापारी तिथवर येत. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेल्या ताव्हर्निये या फ्रेंच व्यापाऱ्यानेही गोवळकोंड्याच्या पोलादाचे नाव घेतले आहे. पश्चिम आशियात याच गोळ्यांपासून घडलेल्या, पाण्यावरच्या लहरींसारखी नक्षी असलेल्या तलवारी पुढे युरोपात 'दमास्कसच्या तलवारी' म्हणून गाजल्या. नाव दमास्कसचे झाले, पोलाद इकडचे होते.

युरोपातल्या शास्त्रज्ञांनी या पोलादाचे गुपित उलगडण्यासाठी पुष्कळ खटाटोप केला. त्यांत मायकेल फॅरेडेही होते. पुढे विजेच्या संशोधनाने जगप्रसिद्ध झालेले फॅरेडे हे एका लोहाराचे चिरंजीव. १८२० च्या सुमारास जेम्स स्टोडार्ट या चाकू-शस्त्रे घडवणाऱ्या कारागिराबरोबर त्यांनी पोलादात निरनिराळे धातू मिसळून पाहिले. मिश्रधातूंच्या पुढच्या अभ्यासाला या प्रयोगांचा आधार मिळाला. पण वूट्झ काही हुबेहूब साधले नाही.

आणि ज्यांना ते साधत होते त्यांचे काय झाले? १८५६ साली हेन्री बेसेमर यांनी वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून ढिगाने पोलाद करण्याची रीत शोधली. विलायतेचा स्वस्त माल बंदरांत उतरू लागला. इकडे जंगलांवर सरकारी कायदे आले आणि भट्टीसाठी लागणारा लोणारी कोळसा मिळेनासा झाला. एकेक करून भट्ट्या विझल्या. लोहार-कारागिरांची मुले शेतमजुरीला लागली. एकोणिसावे शतक सरता सरता ही विद्या जवळपास संपली.

तिच्याविषयी जे तपशील आज मिळतात ते बहुतेक परदेशी प्रवाशांनी आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांनी टिपून ठेवलेले आहेत. करणाऱ्यांनी काही लिहून ठेवले नाही. किंबहुना लिहिणारे आणि करणारे यांची आपल्याकडे कधी एका पंगतीत गाठच पडली नाही. ज्ञान बापाच्या हातातून मुलाच्या हातात जात होते. मुलाने भाता सोडला आणि धागा तुटला. तलवारीवरची ती नक्षी खात्रीने पुन्हा साधण्यासाठी १९९० चे दशक उजाडावे लागले. अमेरिकेत जॉन व्हर्होवेन हे धातुशास्त्रज्ञ आणि अल्फ्रेड पेंड्रे हे पाती घडवणारे कारागीर एकत्र आले तेव्हा त्यांना दिसले की कर्बाइतकेच व्हॅनेडियमसारख्या धातूंच्या अगदी सूक्ष्म अंशालाही महत्त्व आहे. हा अंश मूळ खनिजातूनच येत असे. ठराविक ठिकाणचे खनिज बंद झाले की रीत तीच ठेवूनही नक्षी उमटणे बंद झाले असावे.

'उक्कु' हा शब्द मात्र मेला नाही. १९६६ साली विशाखापट्टणमला पोलाद कारखाना मिळावा म्हणून आंध्रात मोठे आंदोलन झाले. त्याची घोषणा होती, 'विशाखा उक्कु, आंध्रुल हक्कु'. विशाखाचे पोलाद हा आंध्रवासीयांचा हक्क. 'हक्कु' कळायला मराठी माणसाला शब्दकोश लागत नाही.

नागपूरचा नकाशा

नव्या युगातल्या भारतीय पोलादाच्या कहाणीत महाराष्ट्राचाही वाटा आहे. चांदा जिल्ह्यातील लोहारा इथल्या खनिजाविषयीचा अहवाल १८८२ साली जमशेटजी टाटांच्या वाचनात आला आणि पोलाद कारखान्याचा विचार त्यांच्या मनात रुजला. त्या काळी सरकारी नियम आड आले. पुढे शतक बदलल्यावर शोध पुन्हा सुरू झाला, पण लोहाऱ्याचे खनिज पुरेसे नसल्याचे दिसले.

निराश झालेले दोराबजी टाटा नागपूरला सरकारी अधिकाऱ्याच्या भेटीसाठी गेले. साहेब जागेवर नव्हते. वेळ काढायला ते समोरच्या वस्तुसंग्रहालयात शिरले आणि तिथे भिंतीवर त्यांना एक भूगर्भीय नकाशा दिसला. त्यात दुर्ग जिल्ह्याचा भाग लोहखनिजाच्या खुणेने दाट रंगवलेला होता. नकाशामागे भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांचे काम होते. त्या नकाशाने दाखवलेल्या दल्ली-राजहराच्या डोंगरांतले खनिज पुढे स्वातंत्र्यानंतर भिलाईच्या कारखान्याला मिळाले. टाटांचा कारखाना मात्र बोस यांनीच १९०४ साली पत्राने कळवलेल्या मयूरभंजच्या खनिजावर उभा राहिला.

जमशेटजी त्याच वर्षी वारले. १९०७ साली कंपनी स्थापन झाली आणि १६ फेब्रुवारी १९१२ रोजी साकची या खेड्यात पोलादाची पहिली लादी बाहेर पडली. साकचीचे १९१९ मध्ये जमशेदपूर झाले. १९४३ साली वाहतुकीला खुला झालेला कोलकात्याचा हावडा पूल सुमारे २६,५०० टन पोलादाचा. त्यातले तब्बल २३,००० टन इथलेच होते. नंतर भिलाई, राउरकेला, दुर्गापूर, बोकारो असे सरकारी कारखाने आले. २०१८ साली भारताने जपानला मागे टाकले आणि पोलाद उत्पादनात जगात दुसरा क्रमांक मिळवला.

न गंजणारी भेट

एवढे पोलाद झाले तरी ते स्वयंपाकघरात यायला एक अडचण होती. गंज. ती दूर केली इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरातील हॅरी ब्रिअर्ली यांनी. पोलाद गाळणाऱ्या मजुराचा हा मुलगा बाराव्या वर्षी शाळा सोडून कामाला लागला होता. १९१३ साली ते बंदुकीच्या नळीची झीज कमी करण्याच्या खटपटीत होते. क्रोमियम मिसळलेल्या एका नमुन्यावर आम्लाचा परिणामच होईना. बंदूक बाजूला राहिली आणि ब्रिअर्लींना आठवले ते जेवणाच्या टेबलावरचे सुरी-काटे. व्हिनेगरनेही डाग पडत नाही हे पाहून एका कारखान्याच्या व्यवस्थापकाने नाव सुचवले, 'स्टेनलेस', म्हणजे डाग नसलेले. जर्मनीत क्रुप कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्याच सुमारास क्रोमियमबरोबर निकेल मिसळून आपल्या भांड्यांचा पूर्वज तयार केला.

यातली किमया साधी आहे. क्रोमियमचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन भांड्यावर अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर तयार होतो. ओरखडा पडला तरी हवा लागताच तो थर पुन्हा भरून येतो. पितळेला कल्हई लागते तशी बाहेरून काही लावायची गरज नाही.

या एका गुणाने मराठी घराचा दिनक्रम बदलला. पितळेच्या भांड्यात ताक कळकते, आमटी कळकते, म्हणून गृहिणीला सतत दक्ष राहावे लागे. चिंच-राख घेऊन घासण्यात दुपार जाई. कल्हईवाल्याची वाट पाहावी लागे. स्टीलच्या भांड्यांनी हा ताप वाचवला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूत सेलमचा सरकारी कारखाना स्टेनलेसचे पत्रे तयार करू लागला. दारावर येणारी बोहारीण जुन्या साड्यांच्या बदल्यात स्टीलची वाटी की डबा यावर तासभर घासाघीस करू लागली. भिंतीवर स्टीलची मांडणी आली. कल्हईवाल्यांचा धंदा मात्र बसला. उक्कुच्या लोहारांसारखेच तेही गल्लीतून हळूहळू दिसेनासे झाले.

घेताना, वापरताना

• 'अठरा-आठ' म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. बाजारात यालाच ३०४ प्रतीचे स्टील म्हणतात. स्वयंपाकासाठी ही प्रत उत्तम.

• महाग निकेलऐवजी बरेचसे मँगनीज वापरलेले २०० मालिकेचे स्टील स्वस्त असते. कोरडे पदार्थ ठेवायला ते चालते, पण मीठ आणि आंबट यांपुढे ३०४ इतके टिकत नाही.

• चुंबकाची परीक्षा अपुरी आहे. ३०४ आणि २०० मालिका या दोन्हींना चुंबक सहसा चिकटत नाही. उलट इंडक्शनच्या शेगडीवर चालणाऱ्या भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटलेच पाहिजे.

• म्हणून प्रतीचा छाप आणि आयएसआय चिन्ह पाहा. स्टीलच्या भांड्यांना हे चिन्ह सक्तीचे करणारा आदेश केंद्र सरकारने २०२४ साली काढला आहे. बिल जरूर घ्या आणि त्यावर प्रत लिहून मागा.

• मीठ थंड पाण्यात टाकून भांडे तसेच ठेवू नका. तळाशी बसलेल्या मिठाने बारीक खड्डे पडतात. पाणी उकळल्यावर मीठ घाला.

• लोणचे, चिंचेचा कोळ रात्रभर स्टीलमध्ये ठेवू नका. त्यासाठी काचेची किंवा चिनी मातीची बरणीच बरी.

• साध्या लोखंडी तारेच्या घासणीचे कण भांड्यावर राहून गंजतात आणि दोष भांड्याला येतो.

• तापून इंद्रधनुषी रंग आले तर थोडे व्हिनेगर किंवा लिंबू चोळा.

• स्टील उष्णता नीट पसरवत नाही, त्यामुळे पदार्थ एका जागी करपतो. रोजच्या भाजी-आमटीसाठी तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या थराचे जाड बूड असलेले पातेले घ्या.

• जुने भांडे फेकू नका. भंगारात दिलेले पोलाद पुन्हा पुन्हा वितळवता येते, आणि खनिजापासून नवे करण्यापेक्षा त्याला ऊर्जा बरीच कमी लागते.

दुकानातला तो पोरगा भांड्यावर नाव घालतो तेव्हा खरे तर तो पोलादावर ओरखडाच काढत असतो. पण त्या ओरखड्यावरही क्रोमियमचा थर लगेच भरून येतो आणि म्हणूनच चाळीस वर्षांपूर्वीच्या डब्यावरचे आजीचे नाव, लग्नाची तारीख आजही गंज न लागता वाचता येते. मुशी लिंपणाऱ्या, भाता मारणाऱ्या, रंग पाहून पाण्याची वेळ ओळखणाऱ्या कारागिरांची नावे मात्र कोणी कुठे कोरली नाहीत. पुढच्या वेळी स्टीलच्या डब्यातून चिमूटभर तिखट घेताना त्यांची आठवण व्हायला हरकत नाही. आणि घरातल्या आजीच्या हाताला जे प्रमाण ठाऊक आहे, ते मसाल्याचे असो की लोणच्याचे, ते एखाद्या वहीत उतरवून ठेवायला तर मुळीच हरकत नाही.